मांडलेले दगड

पूस, म्हणजे पौष, लागला की आमच्या भंडाऱ्यात धुकं नदीतून वर येतं आणि सकाळचे साडेआठ वाजले तरी हलायचं नाव घेत नाही. यंदाही आलं. काल सकाळी गाडी अंगणात काढली, मफलर गुंडाळला, निघालो, आणि पुलापर्यंत जाऊन परत आलो. घरात कुणी काही विचारलं नाही. पूस महिन्यात मी असा अर्ध्या वाटेतून परततो, हे सगळ्यांना पाठ झालं आहे. का परततो, ते फक्त माझ्या बायकोला, मालतीला ठाऊक आहे. मुलाला आणि सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला आता थंडी सोसत नाही.

थंडीचं काय घेऊन बसलात. पन्नास वर्षं मी मोटारसायकलवर काढली. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी खोचायची, पायात एकावर एक दोन मोजे, कानावरून मफलर, आणि निघायचं. हात गारठले की थांबून इंजिनाजवळ धरायचे. गरम ऑइलचा वास, ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या काडाचा, वास आणि कुठल्या तरी शेकोटीचा धूर एकत्र नाकात गेला, की माझा पूस सुरू व्हायचा. या वासासाठी मी वर्षभर थांबायचो. आता तो आला की मी आधी रस्त्याची कड पाहतो आणि मग माझे स्वतःचे तळहात पाहतो.

लोक आपलं आयुष्य सालांनी सांगतात, मी गाड्यांनी सांगतो. मालतीशी लग्न झालं ते बुलेटवर. मुलगी झाली तेव्हा राजदूत होती. वडील गेले तेव्हाही राजदूतच, फक्त तिची टाकी काळीची लाल करून घेतली होती. मुलगा झाला तो शंभर सीसीच्या त्या नव्या, हलक्या गाडीच्या वर्षी, जिला किक मारताना पाय उचलल्यासारखंही वाटत नसे. मित्रांच्या बैठकीत मी या गाड्यांचे किस्से रंगवून सांगतो. बुलेटने उलटी किक मारून माझी पोटरी कशी काळीनिळी केली, राजदूतवर मी, मालती, मुलगी आणि एक पितळी घंगाळ असे चौघे कसे बसलो, सगळं सांगतो. हसतात लोक. राजदूतच्या एका सकाळीबद्दल मात्र मी कधी तोंड उघडलेलं नाही.

आमचं पितळी भांड्यांचं दुकान. वडील गादीवर बसायचे आणि मी गावोगाव फिरायचो. धान घरात आलं की लग्नं ठरतात, लग्नं ठरली की गुंड, परात, गंज या भांड्यांची चौकशी सुरू होते. म्हणजे माझा फिरायचा हंगाम आणि शेतकऱ्याचा धान चुरायचा, म्हणजे मळणीचा, हंगाम एकच. नमुन्याची भांडी पोत्यात घालून कॅरिअरला बांधायची आणि नदीचा पूल ओलांडून लाखनीकडे निघायचं. गाडी खड्ड्यात गेली की पोतं वाजायचं. वाटेतली माणसं म्हणायची, आवाज आला, भंडाऱ्याचा सेठ आला. मी काही सेठ नव्हतो, पण ऐकायला बरं वाटायचं.

तो रस्ता तेव्हा आताएवढा रुंद नव्हता. दोन ट्रक समोरासमोर आले तर एकाला कड सोडून मातीत उतरावं लागे. दोन्ही बाजूला धानाच्या बांध्या, मधूनमधून पळसाची झाडं, एखादी बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, आणि तिच्या पाळीवर मोहाची झाडं. पुसात कापणी झालेली असायची आणि बांध्यांत नुसती धसकटं उरायची. सगळं धान वर रस्त्यावर आलेलं असायचं. अगदी वर, डांबरावर. आमच्याकडे सडकेला लागून घर असलेल्या लोकांनी ही एक सोय शोधून काढली होती. धानाच्या पेंढ्या सोडून डांबरावर अंथरायच्या आणि रायपूरकडे जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांच्या चाकांखाली चुरून घ्यायच्या. बैल नको, खळं नको. दिवसभर चाकं जायची, संध्याकाळी तणस झटकून बाजूला करायचं, खालचं धान झाडून गोळा करायचं. ज्याचं आवरलं नाही तो रात्री तिथेच तणसात शिरून राखणीला झोपायचा. आणि ट्रकने कडेच्या धानाच्या ढिगावर किंवा झोपलेल्या माणसावर येऊ नये, म्हणून अलीकडे दगडांची तिरपी रांग मांडायची.

ट्रकवाल्याला ते दगड दिसायचे, कारण तो उंचावर बसलेला असतो आणि त्याचे दिवे मोठे. मोटारसायकलवाल्याला दिसायचे ते एकदम चाकापुढे. त्या काळी आमचे दिवे रेस दिली तरच उजळायचे. धुक्यात वेग कमी केला की दिवा पिवळा पडायचा, म्हणजे जेव्हा सर्वांत जास्त दिसायला हवं तेव्हाच काही दिसायचं नाही. त्यात चाकाखाली तणस. ओल्या तणसावर ब्रेक लावला की मागचं चाक आपल्या मर्जीने कुठेही जातं. त्या दिवसांत आम्ही सगळे गाडीवाले भेटलो की पहिली शिवी या दगडांना द्यायचो. लोक धान उचलून घरी नेतात आणि दगड तसेच सडकेवर सोडून जातात, ही आमची तक्रार. ती खरीही होती.

बुलेट अशाच दगडांवर गेली. एका बोडीजवळ रस्ता थोडा वळतो, तिथे. सकाळची वेळ, दहा हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. पुढचं चाक दगडावर चढलं, मी उजव्या खांद्यावर पडलो आणि पोत्यातली भांडी उतारावर गडगडत गेली. पडल्या पडल्या मी पाहिलं, तर कडेचा तणसाचा एक ढीग हलला आणि त्यातून माणूस बाहेर आला. केसांत, भुवयांत धानाचा कोंडा. तो झितरू. त्याने मला धरून बसवलं आणि बायकोला हाक दिली. कौसल्या धावत आली. तिने माझा हात गळ्यात बांधला, गुळाचा काळा चहा पाजला, आणि मग उतारावर जाऊन एकेक भांडं गोळा करून आणलं. एक परात चेपली होती. ती तिने पदराने पुसून माझ्यापुढे ठेवली, जणू तिच्याच हातून चेपली.

हाड मोडलं होतं. दुखण्याने मी वैतागलो होतो, म्हणून झितरूला जरा चढ्या आवाजात बोललो, की दगड तरी उचलत जा, एखाद्याचा जीव जाईल. तो चिडला नाही. मला समजावल्यासारखं म्हणाला, “दगड काढले तं टरकवाल्याले कसं समजन, का इथं मानूस झोपला हाये? थो धान पाह्यते सेठ, मानूस नाई पाह्यत.”

हे त्याने मला सांगितलं होतं. माझ्या तोंडावर, स्वच्छ सांगितलं होतं. पुढचं सगळं लिहिताना हे वाक्य मला आधी लिहून टाकायचं होतं, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत काढत आलो, की मला काय माहीत.

हाड जुळलं, पण बुलेटचा पुढचा भाग काही सरळ झाला नाही. ती विकली आणि राजदूत घेतली. हलकी, आवाजाची, थंडीत जरा रुसणारी. सकाळी चालू झाली की बंद होऊ द्यायची नाही, नाही तर पुन्हा किका मारत बसा. पण बुलेटवरून पडल्यापासून माझ्या मनात एक भीती बसली होती, आणि भित्रा माणूस फार लवकर शहाणपणाचा आव आणतो. मी वाटेतले दगड काढू लागलो. सडकेवर बेवारशी दगड दिसले की थांबायचं, पायाने ढकलायचे, पायाने जात नसले तर हाताने उचलून नालीत टाकायचे. दोनचार गाडीवाले मित्र मला बघून तसंच करू लागले. लाखनीच्या चहाच्या टपरीवर याबद्दल माझं कौतुकही झालं.

दुसऱ्या हिवाळ्यातली ती सकाळ. नुकतं उजाडलं होतं, म्हणजे काळ्याचं राखाडी झालं होतं इतकंच. लाखनीचा बाजार होता आणि मला उशीर झाला होता. त्याच बोडीजवळ आलो. यावेळी वेग कमी होता आणि दगड मला आधी दिसले, कारण ते पांढरे होते. कुणीतरी त्यांना चुना लावला होता. तिरपी रांग, नऊ दगड. पलीकडे डांबरावर तणस पसरलेलं, कडेला त्याचा एक ढीग. धान दिसलं नाही. माणूस दिसला नाही. मी मनात म्हटलं, धान नेलं आणि दगड ठेवून गेले, नेहमीप्रमाणे.

एकदा हाक मारावी असं वाटलं होतं. झितरूचं घर तिथून शंभर पावलांवर, आणि ढिगातून माणूस निघताना मी एकदा पाहिलेला. पण गाडी घुरघुरत होती, हाक ऐकू जायला ती बंद करावी लागली असती, उशीर झाला होता. मी हाक मारली नाही. स्टँड लावला, रेस थोडी वाढवून ठेवली आणि एकेक दगड उचलून नालीत टाकला. नालीत पाणी होतं, बेशरमाची झाडं माजली होती. दगड पडले की डुबुक असा आवाज येई आणि वर काही राहत नसे. आता मला वाटतं की तेव्हा कुणीतरी खोकललं. ते त्या वेळी कानावर आलं आणि मी दुर्लक्ष केलं, की नंतर माझ्या मनाने ते तिथे नेऊन ठेवलं, हे मला आज सांगता येत नाही. इंजिन चालू होतं एवढं खरं. नववा दगड टाकून मी हात झटकले आणि निघालो. चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

बाजारात हात धुताना पाणी पांढरं झालं, त्याचं काही वाटलं नाही. दुपारी भंडाऱ्याकडून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, की बोडीजवळ ट्रक तणसात घुसला, समोरून एसटी आली म्हणून त्याने कडेला घेतला, आणि तणसात माणूस होता. मी परातीचा भाव सांगत होतो. गिऱ्हाइकाने पुन्हा विचारलं, तेव्हा मी परात त्याच्या हातातून घेऊन पोत्यात टाकली. दुकान आवरून निघालो. वाटेत गाडी दोनदा थांबवली. दोन्ही वेळा मला मागे फिरायचं होतं, पण घर त्याच रस्त्याने होतं.

झितरूला दवाखान्यात नेलं होतं, दोन्ही पाय चाकाखाली आले होते. त्याला ताप होता, म्हणून उजाडलं तरी तो तणसात पडून राहिला होता, असं कळलं. सडकेवर पन्नास माणसं होती, पाटील होते, दोन पोलीस होते. ट्रकचा ड्रायव्हर पळालेला नव्हता. तो खाली मातीत बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “पत्थर होते तो दिखते, साहब. पत्थर नहीं थे.” ते ऐकून सगळ्यांची तोंडं कौसल्येकडे वळली. कारण घरात दगड मांडायचं काम तिचं. ती म्हणत होती, “मी मांडले होते जी. चुना लावून मांडले. नऊ मांडले.” कुणीतरी तिला विचारलं, की मग कुठे गेले? चुन्याचे दगड आहेत तर दाखव. ती सडकेवर इकडून तिकडे गेली, पाळीवर चढली, वाकून पाहून आली. दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, की नऊ दगड धुक्यात चोरून न्यायला कोण बसलं आहे, बाई विसरली असेल. पोलिसाने लिहून घेतलं.

मी मागे उभा होतो, गाडीला टेकून. नाली माझ्यापासून चार पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. ते मला तोंडात आलेलं आठवतं, त्याची सुरुवातही आठवते. मग कौसल्येने मला पाहिलं आणि ती गर्दीतून सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, भाऊ, तुम्ही तरी सांगा यांना, मी अशी बाई आहे का? तिला वाटलं, शिकलेला माणूस आहे, दुकानदार आहे, आपल्या घरचा चहा प्यालेला आहे. मी म्हणालो, की आधी झितरूभाऊंकडे बघू, बाकीचं नंतर. ते नंतर कधी आलं नाही.

घरी मालतीने विचारलं, “हँडलले चुना कायचा लागला?” मी पाहिलं, तर दोन्ही मुठींच्या रबरावर पांढरी बोटं उमटली होती. हात धुतले होते, मुठी राहिल्या होत्या. मी ओसरीवरच खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. मालती आत गेली. मग बादलीत फडकं भिजवून आणलं आणि मुठी पुसता पुसता म्हणाली, “आता सांगून त्याचे पाय थोडीच जुडतीन. तुमी अंदर जासान, अन् ही पोरगी राहीन माह्या मांडीवर.” मी तिला दोष देत नाही. मला तेव्हा नेमकं हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं.

झितरू जगला. एक पाय मांडीपासून गेला, दुसरा वाकेना. ड्रायव्हरचं पुढे काय झालं, ते मी शोधलं नाही. शोधलं नाही म्हणजे मुद्दाम शोधलं नाही. तो खरं बोलत होता, हे सांगू शकणारा जगात मी एकटा होतो.

चैतात नाली आटली. मी लाखनीहून येत होतो, ऊन मी म्हणत होतं, आणि बेशरमाच्या बुंध्यांत नऊ दगड पडलेले दिसले. चिखल वाळून भेगाळला होता आणि त्यावर ते ठेवल्यासारखे होते. तीनचार दगडांवर चुन्याचे डाग अजून होते. कौसल्या त्या वाटेने दिवसातून दोनदा पाण्याला जायची. आज ना उद्या तिची नजर गेली असती. मी गाडी थांबवली. पहिल्यांदा दगड काढले ती चूक होती असं मी म्हणू शकतो. त्या दुपारी मात्र मी सगळं समजून, आजूबाजूला पाहून, भांड्यांच्या पोत्यात दगड भरले. दोन खेपा कराव्या लागल्या. राजदूत मागून दबली होती, हँडल हलकं झालं होतं, आणि पोतं वाजत नव्हतं. पुलावर थांबून मी ते एकेक करून वैनगंगेत टाकले. वाटेने जाणाऱ्या एकाने विचारलं, काय टाकून राहिले? मी म्हटलं, नवस होता.

त्यानंतर मी त्या घरी जात राहिलो. न जाणं जमेना. कधी औषध, कधी तांदूळ, दिवाळीला लुगडं. लोक म्हणत, माणूस असावा तर असा. झितरू ओसरीवर बाजेवर पडलेला असायचा आणि बायकोने पाणी दिलं, भाकर दिली, अंग पुसलं, की प्रत्येक वेळी तिला तेच ऐकवायचा. ओरडायचा नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणायचा, दगड मांडले असते तर हे दिवस आले नसते. आणि कौसल्या उत्तर द्यायची. ते उत्तर मी दर हिवाळ्यात ऐकत गेलो, म्हणून मला ते कसकसं झिजलं ते माहीत आहे. पहिल्या वर्षी ती म्हणायची, मांडले होते. तिसऱ्या वर्षी म्हणाली, मांडले होते असं वाटतं. टाकी लाल झाली त्या वर्षी म्हणाली, कोण जाणे भाऊ, मलाही त्या दिवशी बरं नव्हतं. पुढे पुढे ती उत्तरच देईना. दर वेळी मी तिथे चहाचा कप हातात घेऊन बसलेलो असे.

नवी शंभर सीसीची गाडी आली तेव्हा झितरूची जखम पुन्हा वाहू लागली होती. मी त्याला मागे बसवून भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायचो. एक पाय लटकता, कुबडी माझ्या आणि त्याच्या पोटामध्ये आडवी, आणि त्याचे दोन्ही हात माझ्या कमरेला घट्ट. गाडी इतकी कमी आवाजाची, की मागच्या माणसाचा श्वासही ऐकू यायचा. एकदा पुलाच्या अलीकडे, असंच धुकं असताना, तो माझ्या कानाशी तोंड आणून बोलू लागला. “सेठ, बाई वाईट नाई. लय केलं तिनं माह्यं. पन थे दगड मांडले असते तं मी आज तुमच्या मांगं असा बसलो नसतो.”

त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. आरशात फक्त धुकं होतं आणि त्याच्या फेट्याची कड. मला वाटलं, याला माहीत आहे. मला वाटलं, आता तो माझं हँडल धरून ओढणार. त्याने काही ओढलं नाही, उलट पकड आणखी घट्ट केली, कारण खड्डा आला होता. मी सांगू शकलो असतो. पुढे पाहूनच सांगता आलं असतं, डोळ्यांत पाहायचीही गरज नव्हती. अशी संधी देव माणसाला कितीदा देतो? मी त्याला विचारलं, की पाय दुखतो का. तो म्हणाला, कोणता?

दहा वर्षं बाजेवर काढून झितरू गेला. कापणी सुरू होण्याच्या सुमारास गेला. तेराव्याला मी गेलो होतो. परत आलो, तर मालती ओसरीवर वाट पाहत होती. तिने त्या दिवशीचं आपलं बोलणं विसरल्याचं कधी सोंग केलं नव्हतं, पण तो विषय आमच्यात परत निघालाही नव्हता. ती म्हणाली, “पोरगी आता दहा वर्सांची झाली. मले भेव नाई आता. जाऊन सांगून या जी त्या बाईले. तिच्या डोक्यावरचं थेवढं तरी उतरवा.”

पूस लागल्यावर गेलो. संध्याकाळची वेळ, बोडीवरून धुकं नुकतं सरकायला लागलेलं. कौसल्येने तेवढ्यात धान डांबरावर अंथरलं होतं. इतकं होऊनही तिथेच अंथरलं होतं, कारण तिच्याकडे बैल नव्हते आणि सडक तीच होती. ती एका फुटक्या बादलीत चुना कालवत बसली होती. माझ्यासाठी पाट आणला, चहाचं विचारलं. मी बसलो नाही. म्हटलं, “बाई, थे दगड मी काढले होते. तुमी मांडले होते. नऊ होते, चुना लावलेले. मी नालीत टाकले, अन् मंग नदीत नेऊन टाकले.”

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा हातातली बादली माझ्या अंगावर फेकेल. दोन्हीची मी तयारी करून आलो होतो. तिने बादली हळूच खाली ठेवली आणि पदराने हात पुसले.

“भाऊ, तुमी आमच्यासाठी लय केलं,” ती म्हणाली. “पन असं खोटं बोलू नोका. माह्या जिवाले बरं वाटावं मनून बोलून राहिले, समजते मले.”

मी म्हणालो, की खोटं नाही. पुलावरची दुपार सांगितली, पोतं सांगितलं, हँडलचा चुना सांगितला. ती लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकत होती. शेवटी तिने मान हलवली.

“मी मांडले असते, तं त्या मानसानं धा साल मले कायले बोल लावला असता? मरतानी बी थेच मनलं त्यानं. अन् मले आता सारं आठवते भाऊ. त्या सांजेले चुना भिजवला, चूल पेटवली, अन् मांडाचं राहूनच गेलं.”

चूल पेटवल्याचंही तिला दिसत होतं. इतकं स्पष्ट, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच मांडले नसतील. मी काय काढलं मग? मी पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागलो, माझा आवाज चढला, आणि तिने माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं. म्हणाली, अंधार पडतो आहे, दगड मांडायचे आहेत. ती एकेक दगड उचलून सडकेवर नेऊ लागली. मी उचलायला वाकलो, तर मला हात लावू दिला नाही. तिरपी रांग लागली. ती पुढे जाऊन पाहून आली, मागे येऊन पाहून आली, बोटाने मोजलं, पुन्हा मोजलं. तरी तिथून हलेना. समोरून एक सायकलवाला आला, त्याला तिने थांबवलं आणि विचारलं, की पाहून सांग बाबा, मांडले ना मी? तो सवयीने हो म्हणाला आणि गेला. बहुधा रोजच्याच वाटेवरचा असावा. मग ती माझ्याकडे वळली.

“भाऊ, तुमी पाहून घ्या. मांडले ना मी?”

मी सडकेवर गेलो. धुक्यात वाकून एकेक मोजला.

“मांडले,” मी म्हणालो.

“मंग ध्यानात ठेवजा,” ती म्हणाली. “उद्या कोनी इचारलं, तं तुमी सांगजा.”